गिअरबॉक्समधलं गुणोत्तर : पिकअपला डिझेल इंजिन बसवताना



सातवी-आठवीला गुणोत्तर-प्रमाण शिकवताना आपण बहुधा आंबे, मजूर आणि पाण्याच्या टाक्या घेतो. पण यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा अशा कोणत्याही गावी गॅरेजच्या रांगेत जाऊन उभे राहा, तिथे हाच धडा रोज सोडवला जातो. आपल्या वर्गातली कित्येक मुलं पुढे आयटीआयला मोटार मेकॅनिक ट्रेडला जातात. "गणित आपल्या कामाचं नाही" असं त्यांना वाटत असतं. त्यांच्यासाठी हा पाठ.

प्रश्न

जुना पेट्रोल पिकअप आहे. इंजिन थकलं. मालक म्हणतो, "डिझेलचं टाकू, मायलेज मिळेल." इंजिन मिळतं. मग प्रश्न येतो की जुनाच गिअरबॉक्स ठेवायचा की दुसरा घ्यायचा? बहुतेक वेळा उत्तर "बसतो का ते पाहू" असं असतं. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. हा फरक मुलांना समजला की पाठ साधला.

आधी गिअरबॉक्स कशाला लागतो ते पाहू

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवरची शकुंतला वर्षानुवर्षं वाफेच्या इंजिनावर चालली. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं ते इंजिन 1923 पासून धावत होतं. 15 एप्रिल 1994 ला ते निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. गाडी तीच, रूळ तेच, ओढणारं यंत्र बदललं.

वाफेच्या इंजिनाला गिअरबॉक्स नव्हता. चाक थांबलेलं असतानाही वाफेचा दाब पिस्टनला पूर्ण जोराने ढकलतो. डिझेल इंजिनाचं तसं नाही. ठरावीक फेऱ्यांच्या खाली गेलं की ते बंद पडतं. म्हणून इंजिन आणि चाक यांच्यामध्ये काहीतरी लागतंच. आपल्याकडच्या नॅरोगेज डिझेल इंजिनांत ते काम तेलाच्या प्रवाहावर चालणारं हायड्रॉलिक ट्रान्समिशन करतं. पिकअपमध्ये ते क्लच आणि गिअरबॉक्स करतात.

पेट्रोल आणि डिझेल : फेऱ्यांचा फरक

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा खूप दाबून तापवतात आणि त्यात डिझेल फवारतात. तो दाब सोसायला पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळं जाडजूड करावं लागतं. जड भाग फार वेगाने फिरवता येत नाहीत. म्हणून डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत चांगला पीळ, म्हणजे टॉर्क देतं, पण वरच्या फेऱ्यांना लवकर थांबतं.

फळ्यावरचं गणित

महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये विलिसचं हरिकेन इंजिन होतं. त्याची कमाल ताकद मिनिटाला 4000 फेऱ्यांवर मिळायची. मागच्या आसात पिनियनला 8 दात, क्राउनला 43. तीन गिअरच्या बॉक्समध्ये टॉप गिअर 1:1, पहिला सुमारे 2.8. चाकाचा घेर 2.25 मीटर धरू.

43 ÷ 8 = 5.375. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन 5.375 वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं.

4000 ÷ 5.375 = 744 फेऱ्या. 744 × 2.25 = 1674 मीटर, मिनिटाला. तासाला सुमारे 100 किमी.

आता त्याच गाडीत 2000 फेऱ्यांवर थांबणारं ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन टाका, बाकी काही बदलू नका. वेग बरोबर निम्मा, तासाला 50 किमी. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे जात नाही. मिस्त्रीने जोडणी चोख केली तरी गाडी जुळलेली नाही.

मग बदलायचं काय?

क्राउन-पिनियन बदलून 41 आणि 11 दातांचा घेतला, तर गुणोत्तर 3.73. टॉपमध्ये 2000 फेऱ्यांना सुमारे 72 किमी. छान वाटतं. पण पहिल्या गिअरचं काय झालं ते मुलांना काढायला सांगा.

आधी : 2.8 × 5.375 = 15
आता : 2.8 × 3.73 = 10.4

इंजिनाचा पीळ तेवढाच धरला तर चाकावरचा जोर सुमारे तीस टक्क्यांनी घटला. कापूस भरून चढावर गाडी उचलताना क्लच जळणार. म्हणून असा गिअरबॉक्स शोधायचा, ज्याचा पहिला गिअर 4 च्या आसपास आहे. 4 × 3.73 = 14.9. ओढ परत आली. आणि पाचवा गिअर 0.8 चा असेल तर त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात, डिझेल वाचतं.

आजच्या पिकअपची डिझेल इंजिनं तीन हजारांच्या पुढेही फिरतात, तेव्हा तफावत इतकी मोठी नसते. पण पद्धत हीच.

एक गैरसमज इथेच दूर करा. गिअर ताकद निर्माण करत नाही. तो वेग देऊन जोर घेतो, नाहीतर जोर देऊन वेग घेतो. 72 किमी हे दातांचं उत्तर आहे. इंजिनात तेवढा दम नसेल तर गाडी त्याच्या आधीच थांबेल.

गुणोत्तराशिवाय तपासायच्या गोष्टी

1. गिअरबॉक्स किती पीळ सोसतो? इंजिनाचा पीळ त्याहून जास्त असेल तर दात तुटतात, बेअरिंगं जातात.
2. क्लच प्लेटच्या खाचा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला बसतात का? पायलट बेअरिंग मापाचं आहे का?
3. बेल हाउसिंगसाठी अ‍ॅडॅप्टर प्लेट केली, तर क्रँक आणि शाफ्ट अगदी एका रेषेत आहेत का?
4. गिअरबॉक्सची लांबी बदलली की जॉइंट शाफ्टची लांबी आणि कोन बदलतो. इंजिन जड असेल तर पुढचे पाटेही पाहावे लागतात.
5. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही. पेट्रोलचं डिझेल करणं हा तसाच बदल आहे. म्हणून पैसे गुंतवण्याआधी आरटीओत विचारायचं.

पालकहो, जुना गिअरबॉक्स विकत घेऊन आणल्यावर दात मोजण्यात अर्थ नाही. घरातल्या आठवीच्या पोराला आधी वही घेऊन बसवा. हे गणित त्याला येतं.

सहमूळ संख्यांची गंमत

8 आणि 43, 11 आणि 41. या जोड्यांना 1 शिवाय सामाईक विभाजक नाही. का? 8 आणि 40 दात असते, तर पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या त्याच पाच दातांना कायम भेटला असता. एक दात खराब झाला की तेच पाच झिजले असते. सहमूळ संख्यांमुळे प्रत्येक दात प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते. "सहमूळ संख्यांचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्या मुलाला हे जरूर दाखवा.

स्वाध्याय

1. सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजा. पायडल एकदा फिरलं की चाक किती वेळा फिरेल? खडूची खूण करून पडताळा.
2. इंजिन 3000 फेऱ्या, गुणोत्तर 41:11, टॉप गिअर 1:1, घेर 2.25 मीटर. वेग काढा. (उत्तर : तासाला सुमारे 109 किमी)
3. त्याच गाडीला 2 मीटर घेराची चाकं लावली, तर वेग आणि ओढ यांचं काय होईल? कारण लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर्गात सांगू नका. जवळच्या मिस्त्रीकाकांना एक दिवस शाळेत बोलवा आणि मुलांना त्यांच्याशी वाद घालू द्या.