पहाडगंजातला वावळ आणि त्यावरचे पतंग: काय करावे, काय टाळावे

इंग्लंडात १९७० च्या दशकात रोगाने एल्मची लाखो झाडं वाळली आणि एल्मवरच वाढणारा व्हाइट-स्पॉटेड पिनियन हा पतंगही बहुतेक ठिकाणांहून गेला. एल्मच्या कुळातला आपला वृक्ष म्हणजे वावळ. दिल्लीत त्याला पापडी किंवा चिलबिल म्हणतात. त्याच्यावर कोण जगतं, हे दिल्लीतल्या पहाडगंजात राहणाऱ्यांनीच शोधायला हवं. तिथल्या बृहन्महाराष्ट्र भवनात उतरणाऱ्यांनी आणि नूतन मराठी शाळेतल्या मुलांनीही.

काय करावे

• आधी झाड ओळखा. उन्हाळ्यात नाण्याएवढ्या, कागदासारख्या पापड्यांचे घोस लटकतात, प्रत्येकीत मधोमध एकच बी. पान चुरगळलं की उग्र वास येतो.

• पावसाळ्यात पहाटे ट्यूबलाइटखालची भिंत बघा. रात्री आलेले पतंग तिथेच चिकटून बसलेले असतात. त्यांना टिपणाऱ्या साळुंक्यांच्या आधी पोचा.

• पानावरची अळी शोधा. दिव्यावर आलेला पतंग कुठल्या झाडावर वाढला, हे सांगता येत नाही. पान खाताना सापडलेली अळी मात्र पुरावा असते. फोटोत अळीबरोबर पानही येऊ द्या. तारीख आणि जागा लिहा.

• बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी ठेवायला लावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीसाठी तसा आदेश दिला आहे. अनेक अळ्या कोष करायला मातीत उतरतात. काँक्रीटवर त्या मरतात.

काय टाळावे

• एखादा पतंग एकदाच दिसला म्हणून त्याला ‘दुर्मीळ’ म्हणू नका. पिनियनचं नावही इथल्या पतंगाला चिकटवू नका. वावळ आणि एल्म चुलतभाऊ आहेत, एक नव्हेत.

• पालापाचोळा जाळू नका. त्यात कोष असतात, आणि दिल्लीत तो जाळण्यावर बंदी आहे.

• बुंध्याचे फुटवे सरसकट छाटू नका. अळ्यांना लागणारी कोवळी पानं तिथे असतात. झाड तोडायला तर दिल्लीच्या १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

• केसाळ सुरवंट हातात घेऊ नका, खाज सुटते.

• दम्याच्या रुग्णांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळाखाली रेंगाळू नये. त्याचे परागकण दिल्लीतल्या ॲलर्जीचं एक मोठं कारण आहेत.

जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो. त्यातल्या एका रात्री गच्चीवर पांढरी चादर टांगा, एकच दिवा लावा, आणि जे येईल ते टिपून ठेवा.