नाहीसे झालेले बटण

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विंडोज ८’ ही संगणकप्रणाली प्रसृत केली. तीत पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील, १९९५ पासून सवयीचे झालेले ‘स्टार्ट’चे बटण नव्हते. लोक गोंधळले, संतापले. संगणक बंद कसा करावा, हेही अनेकांस उमगेना. त्यांस हट्टी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पुढे काय करावे याची खूणच पडद्यावर नव्हती. १७ ऑक्टोबर २०१३ च्या ‘८.१’ मध्ये बटण परतले; त्यामागील यादी मात्र २९ जुलै २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्येच, तीही नव्या रूपात आली.

शाळेतील संगणकावर नवी आवृत्ती आल्यास शिक्षकबंधुभगिनींनी ती प्रथम स्वतः चालवून पाहावी. मुलांकडून बटणाची जागा पाठ करवून घेऊ नये. त्याचे कार्य विचारावे. संगणक बंद करण्याची रीत आरंभीच दाखवावी.