कंपनीआधी गिऱ्हाईक

प्रवेशाचे दिवस आले की ओळखीतली मुलं विचारतात, उद्योजकतेचं माइनर घ्यावं का? मेकॅनिकल इंजिनिअरिंग करताना मी ते घेतलं होतं आणि आज नाशिकजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. मी ‘घ्या’ असंच सांगतो. पण त्या माइनरच्या नावाखाली आम्हा तिघा मित्रांच्या वाट्याला काय आलं, तेही अर्ज भरण्याआधी ऐकून घ्या, असं सांगायला विसरत नाही.

आधी वेळेचा हिशोब. एआयसीटीईच्या चौकटीत इंजिनिअरिंगची माइनर पदवी म्हणजे नेहमीच्या क्रेडिटच्या वर आणखी १८ ते २० क्रेडिट. एका क्रेडिटला सेमिस्टरभरात साधारण १५ तास शिकवणं धरतात, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे तास वर्गातच जातात. बीए, बीकॉम, बीएस्सीचं गणित वेगळं आहे. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी २४ आणि चार वर्षांच्या १६० पैकी ३२ क्रेडिट माइनरला आहेत. तिथे ओझं वाढत नाही, पण त्याच जागी संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र नीट शिकता आलं असतं. म्हणून एवढ्या तासांत नेमकं काय शिकवणार, हा प्रश्न प्रवेशाआधीच विचारायचा असतो.

आमच्याकडे बहुतेक तास गुंतवणूकदारापुढे कसं उभं राहायचं यावर गेले. बाजारपेठ किती कोटींची, कंपनीचं मूल्यांकन किती, दहा स्लाइडमध्ये कल्पना कशी मांडायची. प्रकल्प म्हणून आम्ही कांदाचाळीसाठी यंत्र केलं. चाळीतलं तापमान आणि आर्द्रता मोजायची, प्रमाणाबाहेर गेली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज. नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यात चाळीत जातो आणि भाव बघत बघत दिवाळीपर्यंत विकला जातो. तेवढ्या काळात सड, कोंब आणि वजनातली घट यांत बरंच नुकसान होतं. प्रश्न खरा होता आणि यंत्रही चालत होतं. स्पर्धांत बक्षिसं मिळाली, कॉलेजच्या फलकावर फोटो लागले.

निफाडकडच्या एका जाणत्या शेतकऱ्याने मात्र पहिल्याच भेटीत आम्हाला गप्प केलं. “पोरांनो, यंत्र झकास आहे. पण मेसेज आल्यावर मी करू काय? चाळ फोडून कांदा निवडायला मजूर आणू कुठून?” थोड्या वेळाने म्हणाले, “आणि पैसे आत्ता मागू नका. बियाणं, लागवड, काढणी, सगळ्याला पैसा ओतलाय. माल गेला की देतो. मधे बिघडलं तर तुमच्यातलं कोण येणार, तेवढं सांगून ठेवा.” मजूर, उधारी आणि दुरुस्ती, या तिन्ही गोष्टी आमच्या एकाही स्लाइडवर नव्हत्या. आम्ही मोबाइलवर फॉर्म पाठवून जे सर्वेक्षण केलं होतं, त्यात ‘असं यंत्र तुम्हाला आवडेल का’ असा प्रश्न होता. आवडेल असं कोणीही म्हणतं. आगाऊ पैसे ठेवा म्हटलं, की खरं उत्तर मिळतं.

या टप्प्यावर आम्हाला पुन्हा गावात पाठवायला हवं होतं. त्याऐवजी विभागाने कंपनी नोंदवायला सांगितलं. विद्यार्थ्यांनी किती कंपन्या काढल्या हा आकडा कॉलेजच्या अहवालात जातो, त्याला वजन असतं. शेवटच्या सेमिस्टरच्या गुणांतही नोंदणीला स्थान होतं. नोंदणीचा खर्च फार नव्हता, पण पुढचा खर्च वर्गात कोणीही सांगितला नाही. म्हणून तो इथे तपशिलात लिहितो.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदली की एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट करावंच लागतं. पहिला ऑडिटर नोंदणीपासून ३० दिवसांत नेमायचा. भागभांडवलाची रक्कम बँकेत जमा झाल्याचं आणि व्यवसाय सुरू करत असल्याचं घोषणापत्र १८० दिवसांत भरायचं. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र असे दोन वेगळे फॉर्म भरायचे. ते राहिले तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क, म्हणजे दोन्ही राहिले तर दिवसाला २०० आणि वर्षाला ७३ हजार. सलग तीन आर्थिक वर्षं काहीच भरलं नाही, तर कंपनी कायद्याच्या कलम १६४ नुसार संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. या काळात त्याला दुसऱ्या कंपनीत नव्याने संचालक होता येत नाही. विशीतल्या मुलाच्या नावावर हे लागतं.

पदवीनंतर माझ्या दोन्ही मित्रांना कॅम्पसमधून नोकरी लागली. नोकरीच्या करारात दुसऱ्या कुठल्या कंपनीचे संचालक आहात का, ते लिहून द्यायचं होतं. धंदा केव्हाच थांबला होता, कंपनी मात्र कागदावर जिवंत होती. ती बंद करायला राहिलेली सगळी विवरणपत्रं शुल्कासह भरली, सीएची फी दिली आणि नाव काढून टाकण्याच्या अर्जाचे १० हजार वेगळे भरले. बक्षिसांत मिळालं त्याहून जास्त यात गेलं. पैशांपेक्षा मित्रांमधली ती कोरडी, हिशोबी बोलणी मला जास्त लागली.

म्हणून माझं सांगणं आहे, गुणांसाठी कंपनी काढू नका. विकून बघायचं असेल तर एकट्याच्या नावावर सुरू करता येतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. राज्यातल्या राज्यात फक्त मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सेवा देत असाल तर ही मर्यादा २० लाखांची आहे. माल राज्याबाहेर पाठवायचा झाला की मात्र आधी सीएला विचारा. दोघे-तिघे असाल तर भागीदारीचा लेखी करार करा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात करार नसेल तर नफा सर्वांना सारखा वाटला जातो. मग एकाने रात्रंदिवस काम केलं आणि दुसरा फक्त नावाला असला, तरी कायद्यापुढे दोघे सारखेच. देणी मात्र भागीदारीत प्रत्येकाच्या अंगावर येऊ शकतात, हे ध्यानात ठेवून उधारीवर कच्चा माल उचला. स्टार्टअप इंडियाची मान्यता हवी असेल तर एकट्याच्या नावावरचा धंदा चालत नाही. कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. ती वेळ आली की जरूर नोंदवा. तोवर तुमच्या हातात पैसे मोजून घेणारी गिऱ्हाइकं असली पाहिजेत.

कल्पना नवी असेल तर आणखी एक सावधगिरी. स्पर्धेच्या मंचावर यंत्राची आतली रचना उघड केली आणि पेटंटचा अर्ज आधी केलेला नसेल, तर नावीन्याचा दावा तिथेच संपू शकतो. तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज वैयक्तिक नावाने ऑनलाइन भरायला १,६०० रुपये लागतात. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. कॉलेजची प्रयोगशाळा किंवा इन्क्युबेटर वापरणार असाल तर हक्क कोणाचा, हे लेखी घ्या. २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरणात संस्थेने सुविधांच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के हिस्सा घेण्याची तरतूद आहे. ती वाजवी आहे की नाही, यावर सही करण्याआधी बोलता येतं, नंतर नाही.

एवढं होऊनही मी माइनर घ्या म्हणतो, ते एका विषयामुळे. आमचा कॉस्टिंगचा पेपर शिकवायला बाहेरून एक गृहस्थ यायचे. त्यांचं सातपूरला फॅब्रिकेशनचं युनिट होतं. त्यांनी आम्हाला एका साध्या लोखंडी ब्रॅकेटची किंमत काढायला लावली. आम्ही पत्रा, वेल्डिंग रॉड आणि वीज धरून आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, वाया गेलेला पत्रा कुठे आहे? मशीनची झीज? तुमचा स्वतःचा पगार? नाकारून परत आलेला माल? आणि पैसे तीन महिन्यांनी आले तर त्या तीन महिन्यांचं व्याज? प्रत्येक प्रश्नाबरोबर किंमत वाढत गेली आणि आमचा नफा शून्याखाली गेला. आजही कोटेशन देताना मी त्याच क्रमाने जातो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांनी पुरवलेल्या मालाचे पैसे करार काहीही असला तरी ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यातलं कलमही त्यांनीच शिकवलं. माझी अडकलेली बिलं सुटायला त्याचा उपयोग झाला आहे. त्यांचा तो पेपर ऐच्छिक होता आणि वर्गातल्या मोजक्याच मुलांनी घेतला होता. मला वाटतं, तो सक्तीचा असायला हवा आणि मूल्यांकनाचा पेपर ऐच्छिक.

तेव्हा माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका, अभ्यासक्रम मागून घ्या. कॉस्टिंग, हिशोब, करार कायदा आणि प्रत्यक्ष विक्री हे विषय त्यात आहेत का, आणि ते शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः धंदा केलाय का, ते बघा. प्रकल्पाला गुण कशाचे, सादरीकरणाचे की विकलेल्या मालाचे, हे विभागप्रमुखांना सरळ विचारा. आणि अर्जाची मुदत संपण्याआधी मागच्या दोन-तीन बॅचच्या मुलांना गाठा. त्यांनी काढलेल्या कंपन्यांपैकी किती आज बिलं करताहेत, ते त्यांच्या तोंडून ऐका आणि मग ठरवा.