ऑनलाइन दुकानाचा मजकूर : नाव, वर्णन आणि व्यवहार

प्रस्तावना

मागील घटकात आपण वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीच्या मजकुराचा अभ्यास केला. प्रस्तुत घटकात त्याच लेखनकौशल्याचे एक नवे क्षेत्र पाहावयाचे आहे : कमी खर्चात उभारलेल्या ऑनलाइन दुकानाचा मजकूर. आपल्यापैकी अनेक जण शेती, नोकरी किंवा गृहोद्योग सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. काहींच्या घरी विक्रीयोग्य वस्तू आधीच तयार होत असतील. अशा वाचकाला हा घटक केवळ परीक्षेपुरता वाटू नये, अशी अपेक्षा आहे.

विवेचनासाठी एक उदाहरण गृहीत धरू. अमरावती आणि अकोला यांच्या मधोमध असलेल्या मूर्तिजापुरात एक गृहिणी उन्हाळी वाळवणाचा व्यवसाय करते. मुंगवड्या, ज्वारीच्या खारोड्या, आलूचे पापड आणि फल्लीची चटणी हा तिचा माल. ओळखीच्या घरांत तो विकला जातो; परंतु ओळख संपते तेथे विक्रीही संपते. तिला अमरावती-अकोल्यातील अपरिचित ग्राहक हवा आहे आणि नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेली वऱ्हाडी कुटुंबेही हवी आहेत. भांडवल जेमतेम आहे. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत जे वाळवले जाईल त्यावर तिचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून आहे. माल पडून राहिला तर पुढच्या हंगामातील डाळीचे पैसे हाती नसतील.

दुकान उभे करणे

हा भाग थोडक्यात पाहू, कारण येथील अडचणी वाटतात त्यापेक्षा कमी आहेत. पहिली पायरी म्हणून व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप पुरेसे आहे. त्यातील कॅटलॉगमध्ये वस्तूचे छायाचित्र, नाव, किंमत आणि वर्णन विनामूल्य देता येते, आणि क्यूआर कोडवरून यूपीआयने पैसे थेट बँक खात्यात येतात. व्यवसाय स्थिरावल्यावर स्वतःचे संकेतस्थळ करावे. वूकॉमर्ससारखी मुक्त प्रणाली फुकट मिळते. खर्च येतो तो संकेतस्थळाच्या नावाचा आणि ते ठेवण्यासाठी घेतलेल्या जागेचा. हा खर्च दरवर्षी करावा लागतो आणि पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर नूतनीकरणाच्या वेळी बहुधा राहत नाही. म्हणून दर विचारताना दुसऱ्या वर्षाचा विचारावा. संकेतस्थळाचे नाव तयार करून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या नावे न नोंदवता स्वतःच्या नावे नोंदवावे. दुकानाची पाटी दुसऱ्याच्या मालकीची असू नये, हा साधा व्यवहार आहे.

खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या जनता भाजी बाजारात ग्राहक मुंगवडी हातात घेतो, एखादी मोडून पाहतो, वास घेतो, ‘यंदाच्या हायेत ना जी?’ असे विचारतो. दुकानदाराचा चेहरा पाहून अर्धा निर्णय होतो. पडद्यावर यांतील काहीच उपलब्ध नसते. तेथे छायाचित्र आणि मजकूर एवढेच ग्राहकासमोर असतात, आणि छायाचित्राला वास नसतो. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मजकुरालाच द्यावी लागतात. कमी खर्चाच्या दुकानात तर मजकुराचा भार अधिकच असतो, कारण तेथे नामांकित कंपनीचा शिक्का पाठीशी नसतो.

वस्तूचे नाव : शब्दभेद आणि ध्वनिभेद

आपल्या उदाहरणातील गृहिणीने वस्तूंची नावे कोणत्या मराठीत द्यावीत? प्रमाण मराठीत की वऱ्हाडीत? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देण्याचा मोह टाळावा. त्याआधी दोन प्रकारचे भेद वेगळे करावे लागतील.

पहिला शब्दभेद. वऱ्हाडात बटाट्याला आलू, शेंगदाण्याला फल्ली आणि कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे स्वतंत्र शब्द आहेत. अकोल्याचा ग्राहक शोधपेटीत ‘आलूचे पापड’ लिहील, पुण्याचा ‘बटाट्याचे पापड’. दुकानात यांपैकी एकच शब्द असेल, तर दुसऱ्या ग्राहकापुरती ती वस्तू दुकानात नाही. ‘सांबार’ या शब्दाची अडचण आणखी वेगळी आहे. सांबारवडी म्हणताच वऱ्हाडी माणसाला कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली वडी दिसते; पुण्यातील अपरिचित ग्राहकाला मात्र इडलीसोबतचे सांबार आठवते. येथे अर्थ न कळण्यापेक्षा चुकीचा अर्थ कळण्याचा धोका आहे, आणि व्यापारात हा दुसरा धोका महाग पडतो. न कळलेली वस्तू विकत घेतली जात नाही एवढेच. चुकीची समजलेली वस्तू परत येते.

दुसरा ध्वनिभेद. वऱ्हाडीत अनेक शब्दांतील ‘ळ’चा उच्चार ‘य’ होतो. डोळा डोया होतो, काळा काया होतो आणि डाळ दाय होते. हा भेद बोलण्यातला आहे. ‘तुरीची दाय’ म्हणणारा ग्राहकही लिहिताना बहुधा ‘डाळ’ किंवा ‘दाळ’ असेच लिहितो, कारण शाळेतून त्याच्या हाताला तेच लेखन लागलेले असते. म्हणून ध्वनिभेद शीर्षकात आणण्याचे कारण नाही. शब्दभेद मात्र आणलाच पाहिजे.

यावरून कामचलाऊ पद्धत अशी ठरते. स्थानिक शब्द शीर्षकात पहिला ठेवावा आणि त्याला लागून ओळख करून देणारा शब्द द्यावा : ‘फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी’, ‘आलूचे (बटाट्याचे) पापड’. माल जितका दूर जाणार तितकी ही सोबत अधिक लागते. ताजी सांबारवडी टिकत नाही, ती शहराबाहेर पाठवायची नसते. अमरावतीतल्या अमरावतीत विकताना ‘सांबारवडी’ एवढे नाव पुरे. वर्षभर टिकणारी मुंगवडी पुण्याला जाणार असेल, तर ती मुगाच्या डाळीची असून रश्श्यात घालतात, हे सांगावे लागेल.

काही विक्रेते याच्या उलट दोन टोकांना जातात. कोणी वऱ्हाडी शब्द गावंढळ समजून पुसून टाकतो. कोणी ‘वऱ्हाडी ठसका’ म्हणून सारे वर्णन विनोदी कार्यक्रमाच्या बोलीत लिहितो. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही प्रकारांत बोलीकडे पाहण्याची दृष्टी एकच आहे : ती गंभीर व्यवहाराची भाषा नव्हे, असे दोघेही मानतात. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. नित्याच्या वस्तूंची आणि खाद्यपदार्थांची नावे त्या गद्यात सहज येतात. ज्या प्रदेशात बोलते शब्द सातशे वर्षांपूर्वी ग्रंथात बसले, तेथे पापडाच्या पाकिटावर ते का अवघडावेत?

‘वऱ्हाडी’ हा शब्द कसा लिहावा?

नवख्या विक्रेत्याला दुकानाच्या नावात ‘वऱ्हाडी’ हा शब्द हवासा वाटतो. या शब्दातील अर्धा र मराठीचे वैशिष्ट्य आहे आणि संगणकावर तो किमान दोन प्रकारे टंकलिखित होतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. त्याला हलन्त जोडून पुढे ‘ह’ लिहिला की ‘ऱ्ह’ मिळतो. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी असतात. तिसरा प्रकार म्हणजे ‘वर्हाडी’ : जोडचिन्ह न वापरल्यामुळे ‘ह’वर रफार चढतो आणि शब्द अशुद्ध होतो. मोठी शोधयंत्रे हा फरक काही अंशी सांभाळून घेतात. लहान दुकानाच्या स्वतःच्या शोधपेटीकडून ती अपेक्षा करता येत नाही. ‘खाऱ्या शेंगा’ हा शब्दप्रयोगही याच अडचणीत येतो.

उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. सर्व मजकुरात हीच एक पद्धत ठेवावी. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधील मजकूर जसाच्या तसा चिकटवू नये. तो दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. रोमन लिपीतील नाव निवडतानाही आरंभी ‘व्ही’ घ्यावा की ‘डब्ल्यू’, हे एकदाच ठरवावे आणि तेच पाकिटावर, पावतीवर व संकेतस्थळावर ठेवावे. देवनागरी नाव हवे असल्यास ‘.भारत’ हा पर्याय २०१४ पासून उपलब्ध आहे. मात्र फोनवर तोंडी सांगितलेला पत्ता ग्राहकाला टंकलिखित करता येईल का, हे आधी दोन-चार जणांकडून तपासून घ्यावे.

वर्णनाचा नमुना

पुढील मजकूर पाहा : ‘आमच्या अस्सल, शुद्ध, घरगुती व पारंपरिक मुंगवड्या! एकदा खाल तर खातच राहाल! आरोग्यासाठी वरदान!’ यात विशेषणे चार आहेत आणि माहिती शून्य. आता हा मजकूर पाहा :

‘मुंगवड्या (मुगाच्या डाळीच्या वाळवलेल्या वड्या). मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटली आहे. त्यात आले, हिरवी मिरची, जिरे व मीठ आहे. यंदाच्या उन्हाळ्यात वाळवल्या. थोड्या तेलात परतून रश्श्यात घालाव्यात. चव मध्यम तिखट. हवाबंद डब्यात ठेवाव्यात. निव्वळ वजन २५० ग्रॅम. प्रवासात काही वड्या मोडू शकतात. चवीत फरक पडत नाही.’

शेवटून दुसरे वाक्य अनेकांना अनावश्यक, किंबहुना हानिकारक वाटेल. पण पाकीट उघडल्यावर चुरा दिसलाच तर ग्राहकाला या वाक्याची आठवण होईल आणि तक्रारीचा सूर बदलेल. वाक्ये छोटी आहेत, क्रियापदे नेमकी आहेत आणि ‘यंदाच्या हायेत ना जी?’ या बाजारातल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याच वाक्यात मिळते.

पहिल्या नमुन्याला भाषिक दोषाखेरीज कायद्याचीही अडचण आहे. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांनी ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ अशा अर्थाच्या शब्दांच्या वापराला अटी घातल्या आहेत आणि ‘घरी बनवलेले’ यासारखा, चुकीचा समज करून देऊ शकणारा शब्दप्रयोग टाळण्यास सांगितले आहे. अमुक पदार्थाने तमुक रोग बरा होतो, असे तर कदापि लिहू नये.

कायद्याची भाषा

वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि ग्राहकाने संपर्क कोठे साधावा, हे द्यावे लागते. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीच्या पडद्यावरही ही माहिती बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. ‘पायलीभर’, ‘पावशेर’ हे शब्द कितीही गोड असले तरी वजन ग्रॅम किंवा किलोग्रॅममध्येच हवे.

येथे भाषेच्या अभ्यासकाने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, नियम वस्तूचे ‘सामान्य नाव’ मागतो. आपण शीर्षकात कंसातील शब्द देतो, त्यामागचा विचार आणि कायद्याचा विचार एकाच दिशेने जातात. दुसरी, पाकिटावरील माहिती हिंदीत (देवनागरी लिपीत) किंवा इंग्रजीत असावी, असा नियम आहे. इतर भाषा जोडीला चालतात. लिपी एकच असली तरी केवळ मराठीतील मजकुराने या नियमाची पूर्तता होत नाही. अमरावतीच्या पाकिटावर मराठी ऐच्छिक आणि हिंदी वा इंग्रजी अनिवार्य, ही स्थिती आपल्याला रुचो वा न रुचो, विक्रेतीने ती पाळावी आणि मराठी मजकूर मोठ्या अक्षरांत द्यावा.

वस्तू व सेवा कराबाबत एकच मुद्दा नोंदवतो. करपात्र माल राज्याबाहेर पाठवताना सर्वसाधारणपणे नोंदणी आधी लागते, मग उलाढाल कितीही लहान असो. अकोल्याहून बऱ्हाणपूर पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, पण ते मध्य प्रदेशात आहे. तेथील मागणी घेण्यापूर्वी आपल्या मालावर कर आहे की नाही, हे कर सल्लागाराला विचारावे.

ग्राहकाशी संवाद

ग्राहकाने ‘ताई, मुंगवड्या कितीले देता?’ असे विचारले, तर उत्तरही आपलेपणाचे असावे : ‘पाव किलोचं पाकीट हाये दादा, किंमत खाली लिहून देतो जी.’ मात्र रक्कम, वजन, पाठवण्याची तारीख आणि माल परत घेण्याची अट यांसाठी प्रमाण लेखनातील स्वतंत्र वाक्य द्यावे. बोलीत संबंध जुळतो. अटींच्या वाक्यावर उद्या वाद होऊ शकतो, म्हणून ते दोघांनाही एकाच अर्थाने वाचता आले पाहिजे. ई-वाणिज्याविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. पोच देताना सबब सांगत बसू नये. ‘तुमची तक्रार मिळाली. पाकिटाचे छायाचित्र पाठवावे. परवापर्यंत कळवते.’ एवढे पुरे. नातेवाइकांकडून ग्राहक म्हणून खोटे अभिप्राय लिहवून घेणे हा फसवणुकीचा प्रकार आहे. त्यापेक्षा एकाच खऱ्या ग्राहकाचे साधे वाक्य, त्याच्या परवानगीने, द्यावे.

स्वयंअध्ययन

आपल्या घरी किंवा परिसरात तयार होणारी एक वस्तू निवडा. तिचे आपल्या बोलीतील नाव लिहा आणि ते नाव न ऐकलेल्या तीन व्यक्तींना त्यावरून काय वाटते, ते विचारून नोंदवा. त्यानंतर साठ ते ऐंशी शब्दांत तिचे वर्णन तयार करा. त्यात एकही स्तुतिवाचक विशेषण नसावे. ‘ळ’ऐवजी ‘य’ उच्चारला जाणारे पाच शब्द आणि प्रमाण मराठीहून सर्वस्वी वेगळे असे पाच वऱ्हाडी शब्द जमवून, यांपैकी कोणते वस्तूच्या शीर्षकात द्यावे लागतील ते सकारण सांगा. आपण वऱ्हाडाबाहेरचे असाल, तर हाच अभ्यास आपल्या भागातील बोलीवर करावा.