तलावातील सापडलेल्या वस्तू आणि कायदा

सोलापूर जिल्हा हा तलावांचा जिल्हा होय. शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वर तलाव, उत्तरेस 1871 मध्ये पूर्ण झालेला एकरुख तलाव आणि भीमेवरील उजनीचा विस्तीर्ण जलाशय ही त्यांतील ठळक नावे. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की गाळातून नाणी, भांडी, क्वचित मूर्तीही वर येतात. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ उपसण्याचे काम गावोगावी होऊ लागले. यास्तव अशा वस्तूंविषयीचा कायदा पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

समुद्रात बुडालेल्या मालासाठी नौवहन कायद्यात तरतुदी आहेत. परंतु त्या गोड्या पाण्याच्या तलावांना लागू पडत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार खासगी मालकीचे नसलेले तलाव व त्यांतील पाणी शासनाचे असते. म्हणून तळ खोदण्यापूर्वी किंवा पाणबुडे उतरविण्यापूर्वी तलावाची व्यवस्था पाहणाऱ्या विभागाची अथवा स्थानिक संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. तथापि, ही परवानगी म्हणजे सापडलेल्या वस्तूवरील मालकी नव्हे.

वस्तू कोणत्या प्रकारची आहे, यावर पुढील कर्तव्य ठरते.

1. हरवलेली वस्तू : पाण्यात पडली म्हणून मालकाचा हक्क संपत नाही. करार कायदा, 1872 च्या कलम 71 प्रमाणे सापडणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. मालकाचा शोध न घेता ती बळकावल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा होऊ शकतो. ती पोलीस ठाण्यात जमा करणे हाच सरळ मार्ग.

2. गाडलेले धन : 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मालक न आढळल्यास आणि अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्यास व उर्वरित जागेच्या मालकास मिळतो. माहिती दडविणाऱ्याचा मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

3. पुरावस्तू : शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, शिलालेख व नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात. उजनीचे पाणी घटले, की पळसदेवचे प्राचीन मंदिर उघडे पडते. अशा स्थळांवरील एक दगडही हलवू नये.

वस्तू सापडताच काम थांबवावे, जागा व दिनांक नोंदवून पंचनामा करावा आणि तहसीलदारांना कळवावे. ग्रामसभेत व शाळेत ही माहिती दिल्यास प्रामाणिक मजूर विनाकारण अडचणीत येणार नाही आणि गावाचा ठेवाही सुरक्षित राहील.