रोप लावणे आपले, उगवणे अल्लाहचे

बी आपण पेरतो. पण त्याला अंकुर कोण फोडतो? दिव्य कुरआनच्या सूरह अल-वाकिआमध्ये अल्लाह हाच प्रश्न माणसाला विचारतो. ज्या मातीतून आपण घडलो आणि जिच्यात परतणार आहोत, तिच्यात हात घातला की याचे उत्तर उमगते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार, मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे जे काही माणूस, पक्षी वा जनावर खाईल, तो त्याचा सदका ठरतो. तेव्हा पाखरांनी टिपलेला दाणा नुकसान मानू नका.

हातात रोप असताना कयामत येऊन ठेपली, तरी शक्य असल्यास ते लावावे, असेही प्रेषितांनी (स.) शिकविले. त्याचे फळ कोण पाहणार? पण आपल्याकडे मागणी आहे ती लावण्याची.

आज मुलांच्या हातून कुंडीत एक रोप लावून घ्या.