तिसरी घंटा

सहल म्हटली, की प्रथम आपल्या मनात स्थळांची यादी उभी राहते. हे पाहू, ते पाहू, आणि जाता जाता तेही पाहू! यादी जितकी लांब, तितकी सहल चांगली, असा आपला समज असतो. माझाही तसाच होता. तो ज्या प्रसंगाने दूर झाला, तो मी तुम्हांला सांगणार आहे. कारण त्यात चूक माझी होती आणि ती सुधारली एका लहान मुलीने.

ही हकीकत १९९१ सालची. पुरंदर तालुक्यातील एका खेड्यात मी तेव्हा शिक्षक होतो. सासवडहून पुणे अवघे तीस किलोमीटर. मध्ये दिवे घाट. अंतर एवढे थोडे, तरी आमच्या शाळेतील निम्म्या मुलांनी पुणे पाहिले नव्हते. जत्रेतला तमाशा त्यांना ठाऊक होता, भजन ठाऊक होते. परंतु नाट्यगृहात खुर्चीवर बसून नाटक पाहिलेला मुलगा त्यांत एकही नव्हता. ज्या तालुक्यात आचार्य अत्र्यांसारखा नाटककार जन्मला, तेथील मुलांनी नाट्यगृहाची पायरी चढू नये, याची मला खंत वाटे. डिसेंबरातील एका रविवारी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात संध्याकाळी ५ वाजता ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग आहे, असे वर्तमानपत्रात वाचले आणि मी सहल ठरवून टाकली.

‘सौभद्र’ हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे नाटक १८८२ साली प्रथम रंगभूमीवर आले. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले. पण तिचा थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनास देऊ पाहतो. अर्जुन निराश होऊन संन्यास घेतो. श्रीकृष्ण मात्र वरवर काहीच करत नसल्यासारखा दिसतो आणि सारी सूत्रे हलवतो. शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस हे नाटक पाहत आला आहे. लग्न होणार हे सर्वांना माहीत असते, तरीही ते कसे होते हे पाहण्यास पुन्हा पुन्हा जातो.

आता माझी यादी ऐका. सकाळी पर्वती, तिच्या शंभराहून अधिक पायऱ्या. नंतर सारसबाग. मग पेशवे उद्यान. तेथे त्या काळी प्राणीसंग्रहालय होते आणि ‘फुलराणी’ नावाची छोटी आगगाडीही धावे. त्यानंतर शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आणि मुलींच्या आग्रहास्तव तुळशीबाग. सहा स्थळे आणि सातवे नाटक! प्रत्येक ठिकाणी मी ‘चला, चला’ म्हणत होतो. फुलराणीसाठी रांग मोठी होती. तुळशीबागेत दोन मुले चुकली. ती सापडेपर्यंत पाऊण तास गेला. रंगमंदिराच्या दाराशी पोहोचलो, तेव्हा ५ वाजून २० मिनिटे झाली होती.

आत अंधार. रंगमंचावर गाणे चालू. अठ्ठेचाळीस मुले एकमेकांची बोटे धरून, पायऱ्यांना ठेचकाळत, बसलेल्या लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत आपल्या जागा शोधू लागली. लोक मागे वळून पाहत होते. त्यांचे चुकत नव्हते. कशीबशी मुले बसली. आणि मऊ खुर्ची, गार हवा व अंधार मिळताच दहा मिनिटांत निम्मी झोपी गेली.

परतताना दिवे घाट चढत असता सहावीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. शरद ऋतूत सीताफळांच्या तोडणीला जाऊन मिळालेल्या मजुरीतून तिने सहलीचे पैसे भरले होते, हे मला माहीत होते. तिने हळूच विचारले, “गुरुजी, सुभद्रेचे लग्न झाले का?”

मी “झाले,” एवढेच म्हणालो. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढल्या वर्षी, १९९२ च्या हिवाळ्यात, दैवयोगाने त्याच नाटकाचा प्रयोग त्याच रंगमंदिरात लागला. सहलीची आखणी मी त्या मुलीकडे सोपवली. ती आता सातवीत होती. सोबतीला तिच्या वर्गातील आणखी चौघे दिले. मला वाटले होते, ती स्थळांची यादी घेऊन येईल. तिने आणलेला कागद निराळाच होता. कागदाच्या अगदी तळाशी ‘५ — तिसरी घंटा’ असे लिहिले होते, आणि बाकीचे सारे तेथून वर चढत गेले होते.

मुलांनो, नाट्यगृहात नाटकापूर्वी तीन घंटा होतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पहिल्या घंटेला बाहेर रेंगाळणारे लोक आत येऊ लागतात, दुसरीला जागा धरतात, आणि तिसरी झाली, की दिवे मंद होऊन पडदा उघडतो. शनिवारवाडा तुमची वाट पाहील; १८२८ च्या आगीनंतरही त्याचा दिल्ली दरवाजा तसाच उभा आहे. तिसरी घंटा मात्र कोणासाठी थांबत नाही. दिवसभरात न हलणारी गोष्ट एकच, तेव्हा मोजणी तिच्यापासून मागे करावयाची, हे त्या मुलीच्या ध्यानात आले होते.

तिचा हिशेब असा होता. पाचला तिसरी घंटा, म्हणून सव्वाचारला दाराशी. कारण अठ्ठेचाळीस मुलांना पाणी पिऊन, स्वच्छतागृहात जाऊन, तिकिटावरील रांग व क्रमांक पाहून बसावयास अर्धा तास तरी लागतो. त्याआधी तासभर विश्रांती. (ही ओळ तिने दोनदा अधोरेखित केली होती.) त्याआधी दोन वाजता पाताळेश्वर, कारण ती लेणी जंगली महाराज रस्त्यावरच आहेत आणि तेथून रंगमंदिरापर्यंत पायी जाता येते. त्याआधी जेवण. सकाळी दहाला केळकर संग्रहालय. गावातून निघणे साडेसातला. बस्स! पर्वती नाही, सारसबाग नाही, फुलराणी नाही.

फुलराणी वगळल्यावर मुलांनी मोठा गिल्ला केला. एकजण तर माझ्याकडे तक्रार घेऊन आला. ती शांतपणे म्हणाली, “फुलराणी दिवसभर फिरत असते. नाटक एकदाच होते.” तक्रारदार निरुत्तर झाला, पण त्याने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

बाकीची तयारीही तिने व तिच्या सोबत्यांनी नेटकी केली. रंगमंदिराजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिले: “रविवारी दुपारी आम्हांस आपला व्हरांडा जेवणासाठी व विश्रांतीसाठी मिळेल काय? जागा झाडून जाऊ.” उत्तर आठ दिवसांत आले. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर ठरवली. तिकिटे आगाऊ काढण्यासाठी मी स्वतः पुण्यास गेलो. आज घरबसल्या मोबाईलवर तिकीट मिळते आणि जागाही निवडता येते. तेव्हा खिडकीपुढे उभे राहावे लागे. शिवाय पुण्यात आता मेट्रो आली असून तिचे छत्रपती संभाजी उद्यान हे स्थानक रंगमंदिराला जवळ पडते.

परतीची वेळ ठरवताना मात्र मी तिला एक गोष्ट शिकवली. संगीत नाटकाचा शेवट घड्याळाला बांधलेला नसतो. गाणे आवडले, की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणून ते पुन्हा मागतात, आणि नट ते पुन्हा गातो. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीत रात्री सुरू झालेली नाटके पहाटेपर्यंत चालत, असे जुने लोक सांगत. म्हणून गाडीच्या चालकास साडेआठ न सांगता नऊ सांगितले.

कागदाच्या पाठीमागेही तिने काही लिहिले होते: ‘उशीर झाला तर काय गाळायचे.’ ते मी वाचले, हसलो आणि विसरलो. पण सहलीच्या दिवशी दिवे घाटाच्या मध्यावर गाडीचे चाक पंक्चर झाले! ते बदलून निघेपर्यंत तास गेला. मागील वर्षीचा मी असतो, तर ‘चला, चला’ सुरू झाले असते. तिने कागद उलटा केला आणि म्हणाली, “संग्रहालयात फक्त वाद्यांचे दालन आणि दिवे पाहायचे. मस्तानी महाल पुढल्या वेळी.”

राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही कधीतरी अवश्य पाहा. दिनकर केळकर यांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभारले. जुने दिवे, अडकित्ते, कोरीव दारे, वाद्ये अशा हजारो वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. सारे पाहू म्हटले, तर काहीच लक्षात राहत नाही. आमच्या मुलांनी त्या दिवशी थोडेच पाहिले. पण सारंगीपुढे आणि निरनिराळ्या वीणांपुढे ती इतकी रेंगाळली, की त्यांना मलाच हलवावे लागले. तेथून गाडी बुधवार पेठेवरून गेली. किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी याच पेठेत, आनंदोद्भव नाट्यगृहात झाला, हे मी चालत्या गाडीतच सांगितले.

व्हरांड्यात भाकरी, पिठले व शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही पाताळेश्वरला गेलो. आठव्या शतकातील ती लेणी जमिनीच्या पातळीखाली काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. समोरचा नंदीचा मंडप वाटोळा आहे. बाहेर वाहनांचा गोंगाट आणि आत गारवा! पुन्हा व्हरांड्यात येऊन मुले आडवी झाली. काही झोपली. जागी होती त्यांना मी ‘सौभद्रा’ची अर्धी गोष्ट सांगितली, अर्धी मुद्दाम राखून ठेवली.

सव्वाचारला आम्ही रंगमंदिराच्या आवारात होतो. या वेळी हातात वेळ होता, म्हणून मुलांना वास्तूही पाहता आली. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस; ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांना लोकमान्य टिळकांनी दिले. या रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली खुद्द त्यांच्याच हातून झाले. पण इमारत पुरी होण्यापूर्वी, १९६७ साली, ते वारले. उद्घाटन झाले ते २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रे येथे आहेत. एक पुरुषवेषातील, दुसरे स्त्रीभूमिकेतील. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत त्या काळी सुभद्रेचे काम हेच बालगंधर्व करत. दोन्ही चित्रे एकाच माणसाची, हे मुलांना पटेना. तो अबोला धरणारा मुलगा एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत तीन वेळा जाऊन आला आणि शेवटी त्या मुलीलाच विचारू लागला, “तुला खरे वाटते?”

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. आमची मुले आपापल्या खुर्च्यांत ताठ बसली होती. तिसऱ्या घंटेनंतर दिवे हळूहळू मंदावले, तेव्हा अठ्ठेचाळीस मुलांनी एकदमच श्वास रोखल्यासारखे मला वाटले. पडद्याआडून पेटीचे सूर आले.

नटाला समोरचे प्रेक्षक दिसत नसले, तरी ते जागे आहेत की पेंगत आहेत हे त्याला कळते, असे जाणते नट सांगतात. त्या संध्याकाळी ते खरे वाटले. कृष्णाच्या बोलण्यातील खोच मुलांना कळली, की त्यांचे हसू बाल्कनीतून खाली उतरे आणि खालचे लोकही नव्याने हसत. घटोत्कच आला तेव्हा एक लहानगा ओरडला. त्यावर सारे नाट्यगृह हसले. एका गाण्याला ‘वन्स मोअर’ मिळाला, दुसऱ्याला मिळाला, आणि तिसऱ्याला तर आमच्याच रांगेतून पहिला आवाज उठला.

नाटक संपले तेव्हा पावणेनऊ झाले होते. चालकाला नऊ सांगितले होते, ते बरे झाले. घाटात गाडी चढू लागली, तोवर बहुतेक मुले एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. ती मुलगी खिडकीशी जागी होती. मी तिच्याजवळ जाऊन विचारले, “काय ग, सुभद्रेचे लग्न झाले का?”

“झाले, गुरुजी,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून पुढे म्हणाली, “पण अर्जुनाने भगवी वस्त्रे घातली ना, तेव्हा मला खरेच वाटले, की आता होत नाही.”